आधी सोसायटी, मग फ्लॅट, मग बिल

वाचकांचे प्रश्न : डेव्हलपमेंट डेटाबेस भरताना येणाऱ्या अडचणी

प्रश्न : ताई नमस्कार, मी घणसोलीला राहते, महापेच्या एका छोट्या कंपनीत लागून चार महिने झालेत. आम्ही हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर बनवतोय, लाराव्हेल हे फ्रेमवर्क आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून. मला डेव्हचा, म्हणजे आमच्या चाचणीचा, डेटाबेस नमुन्याच्या ओळींनी भरणारे सीडर लिहायला दिलेत. पहिल्यांदा नीट चालले, दुसऱ्यांदा चालवले तर १४५२ एरर, कॅनॉट ॲड ऑर अपडेट अ चाइल्ड रो. सिनियर म्हणाले फॉरेन की चेक्स (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ज्या ओळीकडे बोट दाखवते ती खरंच आहे का, ही तपासणी) झिरो कर, म्हणजे बंद कर, सगळे तेच करतात. केलं, एरर गेली. पण आता बिलांचं पान उघडलं की अर्ध्या बिलांवर फ्लॅट नंबरच नसतो आणि पान फुटतं. शिवाय सोसायटीच्या टेबलात सेक्रेटरी आयडी आहे जो मेंबरकडे जातो, मेंबर फ्लॅटशिवाय होत नाही, फ्लॅट सोसायटीशिवाय होत नाही, मग आधी भरायचं काय? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : एरर गेल्यावर तू थांबली नाहीस, बिलांचं पान उघडून बघितलंस, हे फार चांगलं केलंस. बरेच जण तिथेच सोडून देतात आणि मग दोन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाचा तरी अख्खा दिवस त्यात जातो.

आधी हे बघू की पहिल्यांदा चाललं ते दुसऱ्यांदा का नाही. माझा अंदाज असा की सीडरच्या सुरुवातीला तू जुन्या ओळी डिलीटने काढतेस, आणि फ्लॅटच्या सीडरमध्ये सोसायटी आयडी १, बिलाच्या सीडरमध्ये फ्लॅट आयडी १ ते २० असं हाताने लिहिलंयस. पहिल्या वेळी टेबल कोरं होतं म्हणून सोसायटीला खरंच १ नंबर मिळाला. पण डिलीटने ओळी जातात, ऑटो इन्क्रिमेंटचा, म्हणजे आपोआप पुढचा आयडी देणारा, आकडा मागे येत नाही, त्यामुळे तीन सोसायट्या भरत असशील तर दुसऱ्या वेळी पहिल्या सोसायटीला ४ नंबर मिळतो आणि फ्लॅट अजून १ नंबरच्या सोसायटीचं दार वाजवत बसतो जी आता नाहीच. १४५२ चं म्हणणं एवढंच आहे की ज्याला तू पालक म्हणून लावलंयस तो टेबलात नाहीये. ती एरर तुला अगदी खरं सांगत होती.

मग चेक्स बंद केलेस. आपल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टर घेऊन बसतो ना, कुणाकडे जायचंय, कितवा फ्लॅट, ते विचारतो. त्याला तासभर उठवलं आणि तेवढ्यात दहा माणसं आत शिरली, तर परत आल्यावर तो घरोघरी जाऊन कोण कुठे बसलंय ते तपासत नाही, पुढच्या माणसापासून विचारायला लागतो. मायएसक्यूएल नेमकं तसंच करतं. चेक्स परत १ केले तरी आधी शिरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. तुझी ती बिलं तशीच आत शिरलेली आहेत, त्यांचे फ्लॅट अस्तित्वातच नाहीत, म्हणून पान फुटतंय.

हे मी इतकं पोटतिडकीने सांगतेय कारण मी ते भोगलंय. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते, सगळ्या टीमला मिळून एकच डेव्ह सर्व्हर. कुणीतरी सीडिंग करताना सेट या कमांडच्या पुढे ग्लोबल शब्द लावून चेक्स झिरो केले. नुसतं सेट केलं तर ते तुझ्या त्या एका कनेक्शनपुरतं असतं, ग्लोबल लावलं की त्यानंतर उघडणारं प्रत्येक नवं कनेक्शन चेक्स बंद घेऊनच जन्माला येतं. आम्हाला कुणाला पत्ताच नाही. त्याच काळात मी मेंबर काढून टाकायचं बटण लिहिलं, मेंबर डिलीट व्हायचा, त्याची बिलं मागे तशीच राहायची, डेव्हवर कधी हूं की चूं नाही. मग वाशीला क्लायंटच्या ऑफिसात त्यांच्याच सर्व्हरवर दाखवायला बसलो, बटण दाबलं आणि लाल पट्टी, १४५१, म्हणजे पालक काढता येत नाही कारण त्याची मुलं अजून टेबलात आहेत. समोरच्या काकांनी चष्मा वर करून ती पट्टी पूर्ण वाचली आणि शांतपणे विचारलं, 'तुमच्याकडे तपासलं होतं ना?' तपासलं होतं, खूप वेळा तपासलं होतं, पण जिथे तपासलं तिथे तपासणाराच झोपवलेला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ते ग्लोबल सेटिंग विचारलं तर उत्तर आलं ०. त्या शून्याकडे मी किती वेळ बघत बसले होते मला अजून आठवतं.

म्हणून माझं ठाम मत, डेव्हच्या डेटाबेसने लाईव्हपेक्षा जास्त कडक असावं, ढिलं कधीच नको. सीडर हा तुझ्या टेबलांची पहिली परीक्षा असतो, तिथेच चेक्स बंद केले तर पुढचं सगळं काम पोकळ जमिनीवर.

आता करायचं काय. एक कागद घे आणि टेबलांची नावं लिहून बाण काढ, कोण कुणावर टेकलंय. सोसायटी कुणावरच टेकत नाही (सेक्रेटरीचं थांब, येते त्याकडे). विंग सोसायटीवर, फ्लॅट विंगवर, मेंबर फ्लॅटवर, बिल फ्लॅटवर आणि मेंबरवर, पावती बिलावर. भरायचं याच क्रमाने, रिकामं करायचं याच्या बरोब्बर उलट, आधी पावत्या मग बिलं आणि शेवटी सोसायटी. लाराव्हेलमध्ये मुख्य डेटाबेस सीडरमधून तू जे एकेक सीडर कॉल करतेस तिथे हाच क्रम लाव. टेबलं वीस-पंचवीस असली तरी कागदावर अर्ध्या तासात होतं, आणि तो कागद टेबलाशेजारी चिकटवून ठेव, नवीन माणूस आला की त्याच्याही कामाला येतो.

आयडी हाताने लिहायचे नाहीत. सोसायटी तयार केल्यावर ती जो ऑब्जेक्ट परत देते त्याच्याच आयडीवरून विंग बनव, विंगवरून फ्लॅट. दुसऱ्या फाईलमध्ये ती सोसायटी परत हवी असेल तर तिच्या रजिस्ट्रेशन नंबरवरून शोधून काढ, फ्लॅट हवा असेल तर सोसायटी अधिक विंग अधिक 'ए-७०२' असा शोध. माणसं फ्लॅट ज्या नावाने ओळखतात त्याच नावाने सीडरनेही ओळखावा, डेटाबेसचा अंतर्गत नंबर किती आहे याच्याशी सीडरला काही घेणंदेणं नको. आणि दर वेळी नवीन ओळ न टाकता 'असेल तर घे, नसेल तर बनव' वाली फर्स्ट ऑर क्रिएट वापर, म्हणजे सीडर दहा वेळा चालवला तरी दहा सोसायट्या होणार नाहीत.

सेक्रेटरीचा प्रश्न खरा अवघड आहे आणि तू तो बरोब्बर पकडलास. सोसायटीला सेक्रेटरी हवा, सेक्रेटरी मेंबर असायला हवा, मेंबरला फ्लॅट हवा, फ्लॅटला सोसायटी, असं वर्तुळ झालं आणि वर्तुळाला पहिलं टोक नसतं. पण प्रत्यक्षात काय होतं आठव. नवी बिल्डिंग झाली की लगेच सेक्रेटरी असतो का? सोसायटी रजिस्टर करताना चीफ प्रमोटर धावपळ करतो, रजिस्ट्रेशन झाल्यावर पहिली सर्वसाधारण सभा होते, तिथे कमिटी बनते आणि मग कुणीतरी सेक्रेटरी होतो. म्हणजे काही काळ सोसायटी असते आणि सेक्रेटरी नसतो, हे अगदी कायदेशीर आणि नेहमीचं आहे. तेच टेबलात कर, सेक्रेटरी आयडीला नल (म्हणजे रिकामं) चालेल असं ठेव, सोसायटी सेक्रेटरीशिवाय भर, मग फ्लॅट, मग मेंबर, आणि शेवटी एक अपडेट मारून सेक्रेटरी लाव. तो कॉलम नॉट नल ठेवलास तर मायएसक्यूएलमध्ये चेक्स बंद केल्याशिवाय सुटकाच नाही, कारण तिथे फॉरेन की ओळ पडल्या क्षणी तपासली जाते, 'कमिट करताना (सगळे बदल पक्के करताना) बघ' असं त्याला सांगता येत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सांगता येतं, पण ती की डिफरेबल (तपासणी पुढे ढकलता येणारी) म्हणून ठरवलेली असावी लागते, आपोआप तशी होत नाही.

खरं सांगू का, मला विचारशील तर तो कॉलम सोसायटीच्या टेबलात नकोच. पाच वर्षांनी कमिटी बदलते, मधेच कुणी राजीनामा देतं, मागच्या वर्षीच्या नोटिशीवर सही कुणाची होती ते विचारतात. कमिटीचं वेगळं टेबल कर, सोसायटी आयडी, मेंबर आयडी, पद, कधीपासून, कधीपर्यंत. वर्तुळ आपोआप सुटतं, कारण आता सोसायटी कुणावरच टेकत नाही आणि कमिटी दोघांवर टेकते. सिनियरना हे सुचवून बघ, चार महिन्यांची असलीस म्हणून काय झालं. सीडर लिहिताना अडलं की बऱ्याचदा टेबलाच्या रचनेतच काहीतरी दुखत असतं.

अजून एक, फॅक्टरी (नमुन्याच्या ओळी आपोआप बनवून देणारा लाराव्हेलचा कोड) वापरायला लागशील तेव्हा सांभाळ. फ्लॅटच्या फॅक्टरीत सोसायटीच्या जागी सोसायटीची फॅक्टरी लिहिली असते, त्यामुळे ५० फ्लॅट मागितले की मागोमाग ५० सोसायट्या तयार होतात, एकेका फ्लॅटची. फॉरेन कीला ते चालतं, तुला चालणार नाही. आधी एक सोसायटी बनव आणि फॉर किंवा रिसायकल वापरून तीच सगळ्यांना दे. तसंच बिल बनवताना फ्लॅट एका सोसायटीचा आणि मेंबर दुसऱ्याच सोसायटीचा उचलला गेला तर डेटाबेस हूं म्हणणार नाही, दोन्ही आयडी खरेच आहेत, पण घणसोलीच्या फ्लॅटचं बिल घोडबंदरच्या माणसाच्या नावावर निघेल. बिलाचा मेंबर कायम त्या फ्लॅटमधूनच घे, दोन्ही वेगवेगळे शोधू नकोस.

चेक्स बंद करणं कधी चालतं? टेबलं रिकामी करताना चालतं, कारण ज्या टेबलाकडे दुसरं कुणी बोट दाखवतंय ते मायएसक्यूएल ट्रंकेट (एका झटक्यात अख्खं रिकामं) करूच देत नाही, चेक्स बंद केले तर देतं, सगळीच रिकामी करायची असतील तर अनाथ व्हायला कुणी उरतच नाही. मायएसक्यूएल डंपची (अख्ख्या डेटाबेसच्या कॉपीची) फाईल उघडून बघितलीस तर तिच्या डोक्यावरही चेक्स झिरो असतात आणि तळाशी ते पूर्वीसारखे केलेले असतात, कारण तो डेटा एकदा तपासून झालेल्या डेटाबेसमधून आलेला आहे. तू सीडरमध्ये नवा डेटा बनवतेयस, तो अजून कुणीच तपासलेला नाही. फरक तिथे आहे.

आत्ताचा डेटाबेस दुरुस्त करत बसू नकोस, क्रम लावून झाला की मायग्रेट फ्रेश सीडसकट चालव, सगळी टेबलं पाडून परत उभी राहतील. त्याआधी फक्त एकदा ग्लोबल सेटिंग बघून घे आणि ० असेल तर टीमला ओरडून सांग.

प्रश्न : मॅडम, मी नौपाड्यात राहतो, नोकरी संपल्यावर हौसेने पोस्टग्रेस शिकतोय आणि आमच्या वाचनालयासाठी सदस्य, पुस्तकं आणि देवघेव यांचा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. चाचणीसाठी बरीच नावं हाताने भरली होती. शाखांचं टेबल परत भरायचं म्हणून ट्रंकेट केलं, नाही म्हणालं, खाली कॅस्केड वापरा अशी सूचना आली म्हणून वापरलं, तर सदस्य आणि देवघेव दोन्ही साफ. नंतर फाईलमधून सगळं परत भरलं तर आता नवीन सदस्य जोडताना डुप्लिकेट की म्हणतंय. माझं काय चुकतंय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काका, हौसेने शिकताय याचा मनापासून आनंद झाला. तुमच्या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत.

ट्रंकेटचं कॅस्केड आणि डिलीटचं कॅस्केड यात नाव एकच असलं तरी वागणं फार वेगळं. फॉरेन कीवर ऑन डिलीट कॅस्केड असेल तर एक शाखा काढल्यावर त्या शाखेचेच सदस्य जातात. ट्रंकेट कॅस्केड ओळी बघतच नाही, शाखेकडे बोट दाखवणारं अख्खं टेबल रिकामं करतं, मग त्या टेबलाकडे बोट दाखवणारं, असं खाली खाली जात राहतं. तुमची सदस्यांची की कशीही लिहिलेली असो, फरक पडत नाही. पोस्टग्रेस तेव्हा नोटीस देतं की ट्रंकेट अमुक टेबलापर्यंत गेलं, पण ती नोटीस काम झाल्यावर वाचायची सवय कुणाला असते. माझी पद्धत अशी की मी कॅस्केड लिहीतच नाही, एकाच ट्रंकेटमध्ये देवघेव, सदस्य, शाखा अशी सगळी नावं स्वल्पविराम देऊन लिहिते. एखादं टेबल राहिलं असेल तर पोस्टग्रेस अडवतं आणि कळतं की अरे हेही जाणार होतं. आणि बिगिन लावून करा, पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटही रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेता येतं, मायएसक्यूएलमध्ये होत नाही. बिगिन, ट्रंकेट, मोजणी बघा, मन घट्ट झालं की कमिट.

डुप्लिकेट कीचं कारण सिक्वेन्स. फाईलमधून भरताना तुम्ही आयडीसकट ओळी टाकल्यात, १ ते ८० धरू. पोस्टग्रेसचा सिक्वेन्स हा वेगळा मोजणारा असतो, त्याला कुणी विचारलंच नाही म्हणून तो अजून १ वरच उभा आहे, नवीन सदस्य आला की तो १ देतो आणि १ तर आहेच. मायएसक्यूएलमध्ये आकडा आपोआप पुढे सरकतो म्हणून तिकडून आलेल्या लोकांना हे हमखास चावतं. सेटव्हॅल फंक्शन वापरून सिक्वेन्सला त्या टेबलातला सगळ्यात मोठा आयडी द्या, प्रत्येक टेबलासाठी, आणि ही ओळ भरायच्या फाईलच्या शेवटी कायमची लिहून ठेवा. पुढच्या वेळी रिकामं करताना रिस्टार्ट आयडेंटिटी लावलंत आणि आयडी न लिहिता भरलंत तर तीही लागणार नाही.

एक सूचना, शोधताना तुम्हाला सेशन रेप्लिकेशन रोल रेप्लिका करा असा सल्ला दिसेल. त्याने फॉरेन कीचे आतले ट्रिगर गप्प होतात, साधारणपणे सुपरयूजर लागतो, आणि परत चालू केल्यावर जुन्या ओळी तपासल्या जात नाहीत. वरच्या घणसोलीच्या मुलीची जी गत झाली तीच होईल. वाचनालयाच्या चार टेबलांसाठी त्याची अजिबात गरज नाही.

प्रश्न : ताई, ऐरोलीहून लिहितोय, लास्ट इयरला आहे. प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवर एसक्यूलाइटवर एकदम ओके चालतो, कॉलेजच्या लॅबमध्ये मायएसक्यूएलवर सीड केला की फॉरेन कीच्या एररच एरर. कोड सेम आहे!

उत्तर : कोड सेम आहे पण तुझ्या लॅपटॉपवर फॉरेन की तपासलीच जात नाहीये. एसक्यूलाइटला हे तपासता येतं ते २००९ च्या ३.६.१९ आवृत्तीपासून, त्याआधी तो फॉरेन की नुसती वाचून सोडून द्यायचा, आणि जुन्या प्रोग्रॅमना त्रास नको म्हणून आजही साधारणपणे ती बंदच असते. प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर प्राग्मा फॉरेन कीज ऑन करावं लागतं, एकदा करून भागत नाही. आणि हे ट्रान्झॅक्शनच्या (बिगिन ते कमिटच्या) आत केलंस तर काहीच होत नाही, एररही येत नाही, म्हणून कनेक्शन उघडल्यावर पहिलं काम हेच. आधी प्राग्मा फॉरेन की चेक चालव, कुठल्या टेबलातल्या कुठल्या ओळीला पालक नाही त्याची यादीच देतो, त्या ओळी सुधार, मग लॅबमध्ये ने. व्हायव्हाला कुणी विचारलं की फॉरेन की कुठे तपासलीस तर ही यादी रिकामी आलेली दाखव.

प्रश्न : क्लायंटचाच लाईव्ह डेटा उचलून डेव्हमध्ये टाकला तर? सीडरची भानगडच नको. आमच्याकडे सगळे शंभर-दोनशे ओळी कॉपी करून घेतात. (एक वाचक, खारघर)

उत्तर : नको. त्या ओळींमध्ये खऱ्या माणसांचे मोबाईल नंबर आहेत, कुणाचं बिल किती महिने थकलंय ते आहे, आणि तुमच्या डेव्हमधून चुकून एसएमएसची टेस्ट सुटली तर तो त्यांच्याच फोनवर जाऊन वाजणार. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं, त्यांनी तो डेटा सोसायटीला बिल भरायला दिलाय.

शिवाय शंभर ओळी उचलून काम होत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. शंभर बिलं घेतली की त्यांचे फ्लॅट हवेत, फ्लॅटच्या विंग, मेंबर, सोसायटी, एक राहिलं की १४५२, मग कुणीतरी चेक्स बंद करतो आणि आपण परत पहिल्या प्रश्नावर. लाईव्हमधून फक्त टेबलांची रचना घ्या, नो डेटाचा पर्याय देऊन डंप काढला की ओळी येत नाहीत. आणि मोजण्या घ्या, एका सोसायटीत साधारण किती फ्लॅट, किती फ्लॅटला दोन मालक, किती बिलं अर्धवट भरलेली, किती फ्लॅट भाड्याने, त्या मापात खोटी नावं भरा. दोन मालकांचा एक फ्लॅट, बंद पडलेला एक फ्लॅट आणि तीन वर्षं न भरलेलं एक बिल सीडरमध्ये मुद्दाम टाका, पान फुटतं ते नेहमी अशाच ओळींवर. आणि जुना लाईव्ह डंप कुणाच्या लॅपटॉपवर असेल तर तो आजच काढून टाकायला सांगा, डाउनलोडच्या फोल्डरमधली कॉपीसुद्धा.